मुंगीचे कोठार आणि पाखराचे आकाश

देवगडचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा कातळ. त्या कातळात सुरुंग लावून खड्डे घ्यायचे, दुसरीकडून आणलेली माती त्यांत भरायची, हापूसचे कलम लावायचे आणि ते मूळ धरीपर्यंत दर उन्हाळ्यात पाणी वाहून त्याला जगवायचे, अशा कष्टांतून येथील कित्येक बागा उभ्या राहिल्या. लावणाऱ्याला भरघोस पीक पाहण्यासाठी अनेक वर्षे थांबावे लागले. अशा माणसाला उद्याचा विचार सोडून दे, असा उपदेश केला तर तो कसा पटावा? त्याची सारी बागच उद्याच्या विचारातून उगवलेली आहे.

त्यातून हापूसचा स्वभाव लहरी. एका वर्षी झाड भरभरून फळते आणि पुढल्या वर्षी बहुधा विसावा घेते. मोहोर उत्तम आला तरी ढगाळ हवा, अवेळी पाऊस, तुडतुडे, फुलकिडे यांच्या तावडीतून तो सुटेल याची शाश्वती नसते. चांगल्या वर्षाच्या उत्पन्नावर वाईट वर्ष काढावे लागते. तेव्हा बागायतदाराने शिल्लक टाकणे यात दोष कोणता? पण शिल्लक टाकण्याची हीच सवय पुढे केव्हा हावेत बदलते, ते त्यालाही कळत नाही. गरज कोठे संपते आणि लोभ कोठे सुरू होतो, हा प्रश्न देवगडच्या बागेत जितका खरा, तितकाच खारेपाटणच्या बाजारपेठेत आणि मुंबईच्या पेढीवरही खरा आहे. संतोषाच्या नावाखाली आळस खपतो आणि कर्तव्याच्या नावाखाली हाव खपते; म्हणून गृहस्थाला या दोहोंमधील रेषा ओळखणे भाग आहे.

ही रेषा शोधण्यासाठी माणूस धर्मग्रंथाकडे वळतो आणि तेथे त्याला परस्परविरोधी वाटणारी वचने भेटतात. स्वतःच्या परंपरेतील अशा वचनांची कानाला इतकी सवय झालेली असते की त्यांतील विरोध जाणवत नाही. म्हणून हा पेच प्रथम एका परक्या ग्रंथात पाहणे उपयोगी ठरते. ख्रिस्ती समाजाचा पवित्र ग्रंथ बायबल मराठीत येऊन दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून ‘नव्या करारा’चे मराठी भाषांतर 1811 साली प्रसिद्ध केले. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावी राहून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सारे बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. त्या ग्रंथातील लोभ आणि संतोष यांविषयीची वचने शेजारी शेजारी ठेवली की वाचक बुचकळ्यात पडतो.

‘नीतिसूत्रे’ या भागात आळशी माणसाला मुंगीकडून धडा घेण्यास सांगितले आहे, कारण ती सुगीच्या दिवसांत आपले अन्न साठवते. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र येशू श्रोत्यांना आकाशातील पाखरांकडे पाहण्यास सांगतो. ती पेरीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत, तरी त्यांचे पोषण होते. ‘नीतिसूत्रे’ म्हणतात की भला माणूस नातवंडांसाठी ठेव मागे ठेवतो. मत्तय म्हणतो की पृथ्वीवर धन साठवू नये, तेथे त्याला कसर लागते आणि चोर घर फोडतात. ‘उपदेशक’ या पुस्तकात पैशाने सर्व काही साधते असे वाक्य आहे, तर पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात धनाचा हव्यास सर्व अनर्थांचे मूळ ठरवला आहे. एका श्रीमंत तरुणाला येशू सर्वस्व विकून गरिबांना देण्यास सांगतो. जक्कय नावाचा जकातदार मात्र अर्धी संपत्ती देण्याचे आणि फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल करतो, आणि तेवढ्यावर त्याचे घर धन्य ठरते. एकाला सर्वस्व द्यावे लागले आणि दुसऱ्याचे अर्ध्यावर निभावले, हे कसे?

दोन कोठारांच्या कथा तर या पेचाचा कळसच आहेत. लूकच्या शुभवर्तमानात एका धनिकाची जमीन उदंड पिकते. पीक ठेवायला जागा पुरत नाही म्हणून जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा तो बेत करतो आणि त्याच रात्री त्याचे आयुष्य संपते. ग्रंथ त्याला मूर्ख म्हणतो. ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात योसेफही कोठारेच भरतो. सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशाच्या पिकाचा पाचवा हिस्सा तो साठवून ठेवतो आणि पुढल्या सात दुष्काळी वर्षांत तेच धान्य लोकांना जगवते. ग्रंथ त्याला शहाणा म्हणतो. दोघांनीही साठाच केला. मग एक मूर्ख आणि दुसरा शहाणा का?

विरोधाचे हे कोडे सोडवण्याची किल्ली अनेकान्ताच्या अभ्यासकाला नवी नाही. कोणतेही वचन कोणत्या द्रव्याविषयी, कोणत्या क्षेत्रात, कोणत्या काळी आणि कोणत्या भावाने उच्चारले गेले, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लावू नये, असे जैन आचार्य सांगत आले. तीच दृष्टी येथे लावून पाहावी.

मूर्ख धनिकाची कथा येशूने सांगितली तो प्रसंग लक्षात घेण्याजोगा आहे. गर्दीतला एक जण पुढे येऊन आपल्या भावाला वडिलोपार्जित मिळकत वाटून द्यायला सांगा, अशी मागणी करतो. वाटणीचा निवाडा करण्यास येशू नकार देतो आणि लोभापासून सावध करण्यासाठी ही कथा सांगतो. कोकणच्या वाचकाला हा प्रसंग परका वाटणार नाही. एका सातबाऱ्यावर डझनभर नावे, एका कलमात चार घरांचा वाटा आणि त्यापायी वर्षानुवर्षे चाललेले दावे येथे गावोगावी आढळतात. कथेतील धनिक बोलतो तो केवळ स्वतःशी. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव, एवढेच त्याच्या बोलण्यात आहे. शेजारी, मजूर, भाऊ यांपैकी कोणीही त्याच्या मनात येत नाही. योसेफाचे कोठार दुसऱ्यांच्या भुकेसाठी होते, आणि साठ्याचे प्रमाण सुकाळ येण्यापूर्वीच ठरले होते. धनिकाने पीक हाती आल्यावर विचार सुरू केला, आणि तोही जागा कोठून आणायची एवढाच.

मात्र योसेफाची कथा येथेच थांबवली तर ती अर्धीच राहील. ‘उत्पत्ती’चा पुढील भाग सांगतो की दुष्काळ लांबला तसा मिसरच्या लोकांनी धान्यासाठी प्रथम पैसा दिला, मग गुरेढोरे, मग जमिनी आणि शेवटी स्वतःचे स्वातंत्र्य. योसेफाने हे सारे राजाच्या पदरात घातले. जगवण्यासाठी भरलेले कोठार गुलाम करण्याचेही साधन होऊ शकते, हे त्या ग्रंथाने लपवलेले नाही. म्हणजे आरंभीचा हेतू शुद्ध असला तरी पुरत नाही; साठा हाती आल्यावर तो कसा वापरला, याचाही हिशेब द्यावा लागतो.

इतर विरोधही असेच उलगडतात. मुंगीचा धडा आळशाला आहे आणि पाखराचा धडा चिंतेने पोखरलेल्याला. एकच वैद्य एका रोग्याला लंघन सांगतो आणि दुसऱ्याला दूधभात. त्यावरून वैद्यकशास्त्र विसंगत ठरत नाही. श्रीमंत तरुणाचा जीव संपत्तीत गुंतला होता, म्हणून सोडण्याची गोष्ट निघताच तो खिन्न होऊन निघून गेला. जक्कयाला कोणी मागितलेच नव्हते. त्याने होऊन देऊ केले. पौलाने धनाला अनर्थाचे मूळ म्हटलेले नाही, धनाच्या हव्यासाला म्हटले आहे. त्याच अध्यायात पुढे तो श्रीमंतांना संपत्ती टाकून द्या असे न सांगता गर्व धरू नका, उदार व्हा, असे सांगतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले तेव्हा त्यानेही व्यवसाय सोडायला लावला नाही. ठरल्याहून अधिक जकात घेऊ नये, कोणाला धाक घालून उपटू नये आणि आपल्या वेतनात समाधान मानावे, एवढेच त्याने सांगितले. अगूर नावाच्या ज्ञान्याची ‘नीतिसूत्रां’तील प्रार्थना तर मध्यम मार्गाचीच आहे. त्याला दारिद्र्य नको, कारण त्याने चोरीचा मोह होईल. आणि श्रीमंतीही नको, कारण तिने देवाचा विसर पडेल.

हा विरोध केवळ पुस्तकात राहत नाही; तो एखाद्या घरात येऊन बसतो. कोकणातल्या करजगावी 1861 साली जन्मलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि 1917 साली मिशनची पगारी सेवा सोडून संन्यस्त वृत्तीने राहू लागले. हाती आलेला पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे. गरजू दिसला की तो त्याचा होई. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात या संसाराचे जे चित्र रेखाटले, ते मराठी वाचकाला हसवते आणि अंतर्मुखही करते. पती पाखरासारखा निश्चिंत होता, आणि चुलीपुढे बसणाऱ्या पत्नीला मुंगीसारखे दाणे गोळा करणे भाग होते. यात थोर कोण? निःसंग होणाऱ्याचे थोरपण निर्विवाद आहे. पण त्याच्या निःसंगपणाचा भार घरातील दुसरे माणूस वाहत असेल, तर त्या माणसाच्या त्यागाचीही नोंद व्हायला हवी.

जैन परंपरेने हा भार फार पूर्वी ओळखला आणि व्रतांची दोन वेगळी मापे ठेवली. साधूला अपरिग्रह महाव्रत, श्रावकाला परिग्रह-परिमाण अणुव्रत. ज्याने घरदार सोडले त्याच्यासाठी पाखराचे आकाश. ज्याच्यावर वृद्ध आईवडील, मुलेबाळे आणि संघ यांचा भार आहे त्याच्यासाठी मर्यादेचे कोठार. साधूची निश्चिंती श्रावकाने परस्पर उचलली तर कुटुंब उघड्यावर पडते, आणि श्रावकाचा साठा साधूने केला तर साधुत्वच उरत नाही.

तरीही वरवरचा विरोध जैन कथांतही दिसतोच. पुणिया श्रावक कापसाच्या पुण्या विकून जेमतेम पोट भरणारा. पण त्याच्या एका सामायिकाचे मोल राजा श्रेणिकाच्या साऱ्या राज्यानेही होणार नव्हते. ‘उपासकदशांग’ सूत्रातील आनंद श्रावकाकडे चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात आणि दहा दहा हजार गाईंचे चार गोकुळ. या दोघांनाही परंपरा आदर्श श्रावक म्हणते. कारण ‘तत्त्वार्थसूत्रा’ने परिग्रहाचे लक्षण वस्तूत न शोधता मूर्च्छेत, म्हणजे ममत्वाच्या गुंगीत, शोधले आहे. आनंदाने भगवान महावीरांसमोर व्रत घेतले तेव्हा जे आहे त्याहून अधिक नको, अशी रेघ ओढली. त्या दिवशी त्याची संपत्ती कमी झाली नाही. तिची वाढ थांबली. ज्याची वाढ थांबली, तिची धास्तीही हळूहळू थांबते.

मात्र मूर्च्छेचा हा विचार ही धनवंताला मिळालेली सोयीची पळवाट नव्हे. माझे धन पुष्कळ असले तरी मन त्यात नाही, असे म्हणणे फार सोपे आहे. म्हणूनच परंपरेने भावापुरते न थांबता संख्या मागितली: जमीन किती, घरे किती, सोने किती, धान्य किती. आणि संख्या ठरवल्यावरही मन कसे फसवते, हे बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त नेमके दाखवले. एकाच घराची मर्यादा घेतलेला माणूस शेजारचे घर विकत घेतो आणि मधली भिंत पाडून ते एकच झाले असे म्हणतो. गुरांची मर्यादा घेतलेला गाभण गाईच्या पोटातले वासरू हिशेबात धरत नाही. धनाची मर्यादा ओलांडू लागली की जास्तीचे दुसऱ्याकडे ठेवायला देतो. आज ते पत्नीच्या, मुलाच्या किंवा विश्वासू नोकराच्या नावावर जाते, एवढाच फरक. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या भागातील हनन्या आणि सप्पिरा या पतिपत्नींची कथाही हेच सांगते. त्यांनी जमीन विकून रकमेचा काही भाग ठेवून घेतला आणि सारी रक्कम दिल्याचा बहाणा केला. पेत्राने त्यांना सुनावले ते भाग ठेवल्याबद्दल नाही, कारण जमीन त्यांचीच होती. सुनावले ते खोटे वागल्याबद्दल. लोभ उघडा असेल तर त्यावर उपाय चालतो; व्रताचे किंवा दानाचे वस्त्र पांघरलेला लोभ उपायाबाहेर जातो.

मर्यादा केव्हा ठरवावी, हे ‘उत्तराध्ययन’ सूत्राच्या परंपरेतील कपिलाची कथा सांगते. दोन मासे सोन्याच्या आशेने कपिल मध्यरात्री निघाला, चोर म्हणून पकडला गेला आणि त्याच्या खरेपणावर प्रसन्न होऊन राजाने त्याला हवे ते मागण्यास सांगितले. काय मागावे याचा विचार करायला तो बागेत बसला. दोन माशांचे शंभर झाले, शंभराचे हजार, हजाराचे कोटी, आणि अखेर राज्यही अपुरे वाटू लागले. तेथेच त्याला भान आले आणि तो विरक्त झाला. गरज दोन माशांची होती तोवर तिला तळ होता. देणारा अमर्याद झाला तेव्हा मागणेही अमर्याद झाले. म्हणून रेघ ओढायची ती देणारा समोर येण्यापूर्वी. लाभ हाती आल्यावर ओढलेली रेघ लाभाबरोबर पुढे सरकत जाते.

देवगडच्या बागेत याचा पडताळा दर पावसाळ्यात येतो. हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढ रोखणारे संजीवक झाडाच्या बुंध्याभोवती मातीत देतात. बागायतदार त्याला कल्टार म्हणून ओळखतात. ते झाडाच्या विस्ताराच्या प्रमाणात आणि पुरेशा खतपाण्यासह द्यायचे असते. प्रमाण सोडून दिले तर मोहोर आखूड आणि गच्च येतो, झाड दमते. ज्याची बाग वडिलार्जित आहे तो झाडाच्या वयाचा विचार करतो. थोड्या मुदतीच्या कराराने बाग घेणाऱ्याला दोन हंगामांत पैसे वसूल करण्याचा मोह होतो. झाडाचे पुढे काय होणार, याची झळ त्याला लागणार नसते. औषध तेच, प्रमाण बदलले की उपायाचा अपाय होतो. हे प्रमाण ठरवण्याचे दिवस आणि चातुर्मासाचे दिवस एकच असतात, हा योग श्रावकाने ध्यानात घ्यावा असा आहे.

बाजारातही हीच कसोटी लागते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही परप्रांतीचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकण्याची चाल सुटलेली नाही. जैन आचारशास्त्रात याला नाव आहे: प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे चांगल्याच्या नावाने हलका माल खपवणे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत तो मोडतो. लोभ परिग्रहाच्या कुंपणाबाहेर पडला की चोरीच्या शेतात शिरतो, ही एका व्रताची दुसऱ्या व्रताला असलेली साक्ष आहे. गुणस्थानांच्या विवेचनात क्रोध, मान, माया गेल्यावरही सूक्ष्म लोभ दहाव्या गुणस्थानापर्यंत टिकून राहतो असे सांगितले आहे. इतक्या चिवट शत्रूशी केवळ सदिच्छेने लढता येत नाही. त्यासाठी आकडा लागतो.

तो आकडा ठरवण्याची रीत अवघड नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी, मोहोर किती येणार हे कळण्यापूर्वी, घरातील कर्त्या स्त्रीपुरुषांनी एकत्र बसून तीन रकमा वहीत लिहाव्यात: घराचा वर्षाचा खर्च, बागेची किंवा धंद्याची निगा, आणि एका वाईट वर्षाची तजवीज. मुंगीचा वाटा तेथे संपतो. त्याहून अधिक जे येईल त्यात राबलेल्या मजुराचा, अडलेल्या भावाचा आणि संघाचा वाटा किती, हेही त्याच पानावर त्याच दिवशी लिहावे. रकमा लहान की मोठ्या, हा ज्याच्या त्याच्या परिस्थितीचा प्रश्न. आनंदाची रेघ पुणियाच्या रेघेहून फार लांब होती. वर्ष उलटल्यावर पान उघडून एवढेच तपासावे की रेघ होती तेथेच आहे, की मधली एखादी भिंत गुपचूप पाडली गेली आहे.